माणच्या माळावरून क्ष-किरणी दीर्घिकासमूह टिपताना

क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वातावरण त्यांना वरच्या वर शोषून घेतं. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यावरून 'उहुरू' हा उपग्रह उडाला आणि त्यानंतर दीर्घिकांचे मोठे समूह क्ष-किरणांत किती लांबवर पसरलेले दिसतात ते स्पष्ट झालं. हे क्ष-किरण दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेत भरलेल्या वायूतून येतात. त्याचं तापमान साधारण १ कोटी ते १० कोटी केल्विन असतं आणि मोठ्या समूहात त्याचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या कित्येक पट भरतं. आपल्या दुर्बिणीला हा वायू दिसणार नाही. आपल्याला मिळतात त्यात विखुरलेल्या दीर्घिका, आणि कसून काम केलं तर मधल्या मोठ्या दीर्घिकेभोवतीचं अतिशय फिकं प्रभामंडळ.

तरीही आम्ही लक्ष्य क्ष-किरणांच्या यादीतूनच निवडतो. जॉर्ज एबल यांनी १९५८ साली पालोमारच्या फोटोपट्ट्यांवरून २,७१२ समूहांची यादी केली ती दीर्घिका मोजून. मोजणीत एक अडचण कायम राहते: एकाच दिशेला मागेपुढे असलेले दोन विरळ गट एकत्र मोजले गेले की ते एक दाट समूह वाटतात. क्ष-किरणांची तीव्रता मात्र वायूच्या घनतेच्या वर्गावर अवलंबून असते. दोन विरळ गट एकावर एक आल्याने ती फारशी वाढत नाही, ती वाढते ती खरोखरच खोल गुरुत्वाच्या खड्ड्यात वायू दाटला असेल तर. शिवाय क्ष-किरणांचा कळस कुठे आहे हे कळलं की कॅमेऱ्याची चौकट कुठे रोखायची याचंही उत्तर मिळतं, कारण शांत समूहात त्या कळसावर बहुधा सर्वांत मोठी दीर्घिकाच बसलेली असते.

निवडीची सुरुवात 'एमसीएक्ससी' या २०११ च्या एकत्रित यादीपासून करावी. तिच्यात १,७४३ समूह आहेत, बहुतेक १९९० साली सोडलेल्या 'रोसॅट' उपग्रहाच्या निरीक्षणांतून आलेले. प्रत्येकाचं स्थान, रेडशिफ्ट (प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते, जास्त म्हणजे समूह अधिक दूर), क्ष-किरणी दीप्ती आणि त्रिज्या तक्त्यात तयार मिळते. 'ई-रोसिटा' या क्ष-किरण दुर्बिणीची जानेवारी २०२४ मध्ये आलेली यादी १२,२४७ समूहांची आहे, पण त्यातले बहुतेक छोट्या दुर्बिणीसाठी फार दूरचे आणि ती यादी अर्ध्या आकाशाचीच. ती आम्ही नकाशा पडताळायला वापरतो, लक्ष्य शोधायला नाही.

पहिली चाळणी उंचीची. माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडचा अक्षांश सुमारे १७.७ अंश. क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे ४२ अंश असलेली वस्तू मध्यमंडलावर, म्हणजे तिच्या सर्वांत उंच जागी, ३० अंशांपर्यंत चढते, म्हणजे प्रकाश जवळपास दुप्पट हवेतून येतो. त्याखाली जाऊ नये. प्रसिद्ध बुलेट समूहाची क्रांती जवळजवळ उणे ५६ अंश. इथून तो जेमतेम १६ अंशांवर येतो, तेव्हा त्याचा मोह टाळावा. उत्तरेलाही हीच मर्यादा आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एबल २२५६ हा ध्रुवाजवळचा सुंदर समूह युरोपात डोक्यावर असतो, आपल्याकडे २९ अंशांवर थांबतो. याची भरपाई दक्षिणेत होते. नरतुरंगातला एबल ३५२६ आणि वासुकीतला एबल १०६० हे जवळचे, क्ष-किरणांत ठळक समूह इथून ३१ आणि ४५ अंशांवर मिळतात.

दुसरी चाळणी आकाराची. रेडशिफ्ट ०.०२३ असलेल्या अरुंधतीकेशातल्या कोमा समूहात दहा लाख पार्सेकचं (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) अंतर आकाशात ३६ आर्कमिनिट (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) व्यापतं. रेडशिफ्ट ०.०७७ ला तेच ११ आर्कमिनिट होतं, आणि ०.२८ ला फक्त ४. २०० मिमी व्यासाची, १००० मिमी फोकल लांबीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा ३००८ गुणिले ३००८ चा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा ही जोडी धरली तर एका पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) आणि चौकट ३९ आर्कमिनिटांची मिळते. कोमाचा गाभा तीत नेमका बसतो. कन्या समूह बसत नाही. त्याचा क्ष-किरणी पसारा कित्येक अंशांचा आहे, तेव्हा तिथे एम ८७ एवढंच लक्ष्य ठेवावं आणि २०-३० सेकंदांच्या छोट्या चौकटी वेगळ्या घ्याव्यात, म्हणजे गाभा न जळता २० आर्कसेकंद लांबीचा झोतही मिळतो.

तिसरी चाळणी नजरेची. इथे यादीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. वासुकीतला एबल ७८०, म्हणजे हायड्रा ए, क्ष-किरणांत जोरदार आहे, पण फोटोत मधली एक फिकी दीर्घिका आणि आजूबाजूला विरळ ठिपके एवढंच. उलट शौरीतला एबल २१५१ फोटोत एकमेकींना ओढणाऱ्या सर्पिल दीर्घिकांनी गजबजलेला, आणि क्ष-किरणांत मात्र कोमापुढे अगदी बेताचा. भुजंगधारीतला समूह कडक क्ष-किरणांत आकाशातल्या सर्वांत तेजस्वी समूहांपैकी एक आहे, पण आकाशगंगेच्या धुळीआड दडलेला. त्यावर दृश्य प्रकाशात तास घालवू नयेत. म्हणून प्रत्येक नावासाठी 'अलादिन' हे आकाशनकाशांचं सॉफ्टवेअर उघडून जुन्या डिजिटल फोटोपट्टीवर रोसॅटचा थर चढवून पाहावा. रोसॅटच्या सर्वेक्षणात एखाद-दुसऱ्या आर्कमिनिटाइतकी धूसरता आहे, ई-रोसिटाच्या सुमारे ३० आर्कसेकंदांची. त्यामुळे रोसॅटचा कळस दीर्घिकेपासून अर्धा आर्कमिनिट सरकलेला दिसला तर त्यातून काही अर्थ काढू नये.

सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला चारच नावांचा: हिवाळ्यात ययातितला एबल ४२६, मार्च-एप्रिलमध्ये कोमा, मग मे महिन्यात एबल २०२९ आणि एबल २१९९. शेवटच्या दोघांना वळवाच्या ढगांचा धोका असतो. दुपारी ढग जमले तरी पाऊस पडून गेल्यावर मध्यरात्रीनंतरचं आकाश धुतलेलं मिळतं, म्हणून सामान लगेच आवरू नये.

जागेबद्दल सातारकरांची पहिली धाव घाटाकडे असते. उंचीमुळे ते साहजिकच आहे, पण या कामासाठी आम्ही घाट सुचवत नाही. हिवाळ्यात पहाटे धुकं वर चढतं, दव जबर पडतं, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभ्या केल्या तोच वारा लांब नळीच्या न्यूटोनियनला हलवतो. माण-खटावचा पर्जन्यछायेतला माळ उंचीने कमी, पण हवा कोरडी आणि गावं विरळ. जत-आटपाडीकडेही तेच. कऱ्हाड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात मात्र गाळप हंगामात पाचट जाळल्याचा आणि गुऱ्हाळांचा धूर क्षितिजावर १५-२० अंशांपर्यंत चढतो. शहरातलं आकाश अडीच प्रतींनी (प्रत हे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त) उजळ असेल तर पार्श्वभूमीचा प्रकाश दहापट होतो आणि तीच फिकी गोष्ट तेवढ्याच स्वच्छपणे टिपायला वेळही दहापट लागतो. एसटीने किंवा गाडीने माणला जाण्याचा खर्च या हिशेबात केव्हाच भरून निघतो.

जागा ठरली की शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवावं. रात्री माळावर लाल दिवे हलताना दिसले की लोक चौकशीला येतात, आणि त्यांच्या बॅटरीच्या एका झोतात चालू चौकट वाया जाते. पायात बूट हवेतच, खडकाळ माळावर फुरसं असतं. तिपाई मुरमावर रोवावी. काळ्या मातीवर पर्याय नसेल तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, नाहीतर रात्रभरात एखादा पाय खचतो आणि ध्रुवाशी साधलेली जुळणी सुटते.

ही जुळणी आपल्याकडे जरा किचकट आहे. ध्रुव १७-१८ अंशांवरच असतो, तो नेमका धुळीत आणि गावच्या दिव्यांत सापडतो. एवढ्या कमी कोनावर इक्वेटोरियल माउंटचा (ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) वजनदांडा तिपाईच्या पायाला अडण्याचाही संभव असतो. माउंटखाली छोटा वाढीव खांब बसवला की अडचण मिटते. ध्रुवदुर्बिणीत डोळा लावून बसण्यापेक्षा 'नीना' या कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली तीन जागांवरून जुळवण्याची सोय वापरावी. तीत ध्रुव दिसण्याची गरजच नसते, तीन चौकटींतल्या ताऱ्यांवरून सॉफ्टवेअर चूक मोजतं. चूक एक आर्कमिनिटाच्या आत आणली की पुरे, बाकी ऑटोगायडर, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण सावरणारा छोटा कॅमेरा, सांभाळतो.

कोमा आणि कन्या दोन्ही जवळजवळ डोक्यावरून जातात, तेव्हा माउंट पालटण्याची, म्हणजे वस्तूने माथा ओलांडताना नळी दुसऱ्या बाजूला वळवण्याची, वेळ आधी ठरवून ठेवावी. पालटताना नळी किंवा फोकसरची केबल तिपाईत अडकत नाही ना, हे उजेडात एकदा हाताने फिरवून पाहावं.

विजेसाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. माउंट, कॅमेऱ्याचं कूलिंग, दवाचे हीटर आणि छोटा संगणक मिळून सुमारे ५ अँपिअर खेचतात, म्हणजे आठ तासांना ४०. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही, ती याच क्षमतेची असेल तर पहाटे अगदी काठावर येते. थंड रात्री सर्वांत आधी धुकटतो तो न्यूटोनियनचा छोटा आरसा, आणि ते ध्यानात येतं फार उशिरा. त्याच्या मागे हीटरची पट्टी लावावी आणि नळीच्या तोंडाला नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब काळा कागदी दवरोधक चढवावा.

कॅमेऱ्याचं तापमान डिसेंबरात उणे १० अंशांवर ठेवता येतं. एप्रिलमध्ये रात्री हवाच २७-२८ अंश असते आणि असे कॅमेरे हवेपेक्षा साधारण ३५ अंशच खाली जातात, तेव्हा शून्यावर समाधान मानावं. दोन्ही तापमानांच्या डार्क चौकटींचा (तोंड झाकून घेतलेल्या, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करण्यासाठीच्या) संच वेगळा करून ठेवावा.

एक चौकट किती सेकंदांची घ्यायची, याचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचा वाचनगोंगाट, म्हणजे चौकट वाचताना शिरणारी चूक, १.५ इलेक्ट्रॉन असेल तर त्याचा वर्ग २.२५. आकाशाच्या उजेडाने प्रत्येक पिक्सेलमध्ये त्याच्या दहापट, म्हणजे २२-२३ इलेक्ट्रॉन जमले की वाचनगोंगाट बिनमहत्त्वाचा होतो. प्रति चौरस आर्कसेकंद २१.३ प्रतीच्या आकाशाखाली वर सांगितलेल्या जोडीला ल्युमिनन्स फिल्टरमध्ये (सगळा दृश्य प्रकाश आत घेणाऱ्या) हे अर्ध्या मिनिटातच होतं. त्यामुळे १२० सेकंद भरपूर झाले. ३०० सेकंदांच्या चौकटींनी खोली वाढत नाही. तारे जळतात आणि वाऱ्याच्या एका झुळकेत पाच मिनिटं जातात. दर दोन-तीन चौकटींनी दिशा १०-१५ पिक्सेल हलवावी. कोमासाठी ल्युमिनन्सचे तीन तास आणि लाल, हिरवा, निळा प्रत्येकी एक तास एवढ्यात दीर्घिका छान येतात. प्रभामंडळ हवं असेल तर ल्युमिनन्स सहा ते आठ तासांवर न्यावं.

आणि खरं काम त्या प्रभामंडळातच आहे. समूहातल्या दीर्घिकांमधून ओरबाडून निघालेल्या ताऱ्यांचा हा प्रकाश प्रति चौरस आर्कसेकंद २६-२७ प्रतीचा असतो. आकाश २१.५ धरलं तर तो आकाशाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. याचा अर्थ फ्लॅटमध्ये, म्हणजे चौकटीतला कमी-जास्त उजेड सुधारायला एकसारख्या प्रकाशात घेतलेल्या चौकटीत, एक टक्क्याची चूक राहिली तर प्रभामंडळ पुसलं जातं, किंवा नसलेलं उगवतं.

फ्लॅट रोज रात्री त्याच फोकसवर, कॅमेरा न फिरवता घ्यावेत. उजळ पॅनेल नळीच्या तोंडावर सपाट बसवावं, मध्ये पांढऱ्या सुती कापडाची दुहेरी घडी घालावी आणि सेन्सर निम्म्याच्या आसपास भरेल इतका वेळ द्यावा. प्रत्येक फिल्टरला ३०-४० चौकटी. त्याच वेळेच्या फ्लॅट-डार्क (तेवढ्याच वेळाच्या झाकलेल्या चौकटी) घ्यायला विसरू नये. न्यूटोनियनमध्ये मुख्य आरशाच्या मागून आणि फोकसरच्या फटीतून उजेड आत येतो. त्याची कसोटी अशी: तोंड झाकून डार्क घ्या, मग आरशामागे बॅटरी फिरवून दुसरी घ्या. दोन्हींची सरासरी वेगळी आली तर मागच्या बाजूला काळ्या कापडाचं झाकण शिवून घ्यावं. त्या गळतीने बिघडलेले फ्लॅट नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाहीत.

चौकटी जोडायला 'सिरिल' हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आकाशाचा चढउतार काढताना प्रत्येक चौकटीवर वेगळा, पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उताराचाच वापरावा. चौथ्या घाताचा वक्र किंवा स्वयंचलित पार्श्वभूमी-काढणी प्रभामंडळालाच उजेडाचं प्रदूषण समजून खाऊन टाकते, आणि फोटो इतका नितळ होतो की काही गेलंय हे कळतही नाही. नमुन्याचे ठिपके हाताने ठेवावेत. समूहाच्या मध्यापासून चौकटीच्या निम्म्या त्रिज्येत एकही ठिपका नको. एबल २०२९ सारख्या लहान समूहात हे सहज जमतं, कारण कडेला मोकळं आकाश असतं. कोमा चौकट भरून टाकतो. त्यासाठी चार-पाच अंश दूर, समूह नसलेल्या आकाशाच्या काही चौकटी त्याच रात्री घेऊन त्यांच्याशी तुलना करावी लागते.

दिसतंय ते प्रभामंडळ खरं की दुर्बिणीचं, हे ठरवायला माउंटचं पालटणं उपयोगी पडतं. पालटण्याआधीच्या आणि नंतरच्या चौकटी वेगळ्या जोडाव्यात. नंतरचा फोटो १८० अंश फिरलेला असतो. धूसर उजेड दीर्घिकेबरोबर फिरला तर तो आकाशातला, सेन्सरच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर तो फ्लॅटचा किंवा परावर्तनाचा. कोमात ही कसोटी टाळूच नये, कारण मधल्या दोन मोठ्या दीर्घिकांच्या, एनजीसी ४८७४ आणि ४८८९ च्या, उत्तरेला सातव्या प्रतीचा तारा आहे आणि त्याचं फिल्टरमधलं वर्तुळ नेमकं समूहावर पडतं.

कोमाबद्दल आणखी एक. नैऋत्येला सुमारे ४० आर्कमिनिटांवर एनजीसी ४८३९ भोवतीचा गट आहे आणि क्ष-किरणांत त्याचा वायू वेगळा उठून दिसतो. एका चौकटीत तो येत नाही. वीस टक्के एकमेकांवर येतील अशा दोन चौकटी नैऋत्य दिशेने लावल्या तर क्ष-किरणी नकाशाशी ताडून पाहण्यासारखा फोटो मिळतो. त्या नकाशाचा कळस ४८८९ पेक्षा ४८७४ च्या बाजूला झुकलेला आहे, म्हणून पहिली चौकट ४८७४ वर रोखावी.

ययातितला एबल ४२६ क्ष-किरणांत आकाशातला सर्वांत तेजस्वी समूह, पण त्याच्याभोवती दिसणाऱ्या धूसरपणावर लगेच विश्वास ठेवू नये. तो आकाशगंगेच्या पट्ट्यापासून फक्त १३ अंशांवर आहे आणि आपल्याच दीर्घिकेची धूळ तिथे फिकी चमकते. दिवाळीच्या अमावास्येला तर फटाक्यांचा धूर हवेत दोन-तीन दिवस टिकतो, तेव्हा पुढची अमावास्या धरावी.

त्याच्या मधल्या एनजीसी १२७५ भोवतीचे हायड्रोजनचे धागे टिपण्याची इच्छा सगळ्यांनाच होते आणि सगळे हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावतात. त्यात काही येत नाही. ही दीर्घिका सेकंदाला सुमारे ५,२६० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याने ६५६.३ नॅनोमीटरची रेषा ६६७.८ वर सरकलेली असते, आणि ७ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर ६६० च्या आतच संपतो. इथे गंधकाचा फिल्टर उपयोगी पडतो, पण रुंदी पाहून. ६७२ वर केंद्र असलेला १२ नॅनोमीटरचा फिल्टर ६६६ ते ६७८ घेतो, धागे त्यात येतात. ६ नॅनोमीटरचा घेतला तर धागे हुकतात आणि समोरून समूहात घुसणाऱ्या दुसऱ्या दीर्घिकेचा हायड्रोजन तेवढा मिळतो. तिचा वेग सुमारे ८,२०० किलोमीटर असल्याने तिची रेषा ६७४ वर असते. या फिल्टरला १२० सेकंद पुरत नाहीत, ६०० द्यावेत. नंतर लाल फिल्टरची चौकट योग्य प्रमाणात वजा केली की ताऱ्यांचा उजेड जाऊन धागे उरतात.

रंग जुळवताना 'गाया' उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांवर आधारलेली पद्धत वापरावी आणि रंग हाताने चढवू नयेत. एकाच अंतरावरच्या जुन्या लंबगोल दीर्घिका एकाच पिवळसर छटेच्या येतात. त्या छटेहून लाल दिसणारी दीर्घिका बहुधा मागची असते. फोटोत छटा बिघडवली की समूहातली कोण आणि बाहेरची कोण हे ओळखण्याचं आपलं एकमेव साधन जातं.

एवढं हाताशी बसलं की मीन राशीकडे वळावं. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतल्या संशोधकांनी जाहीर केलेला 'सरस्वती' महासमूह तिथे आहे, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, त्यात किमान ४३ समूह. त्याच्या गाभ्यातला एबल २६३१ क्ष-किरणी यादीतही आहे: विषुवांश (आकाशातला रेखांश) २३ तास ३७ मिनिटं, क्रांती जवळजवळ शून्य, रेडशिफ्ट ०.२८. मधली दीर्घिका १८ व्या प्रतीच्या आसपास असल्याने १२० सेकंदांच्या एका चौकटीतही ती ओळखू येते. तिच्या सोबतिणींसाठी पाच-सहा तास लागतात. ताऱ्यांची रुंदी ३ आर्कसेकंदांच्या वर गेलेल्या चौकटी इथे निर्दयपणे काढून टाकाव्यात, कारण या अंतरावर दीर्घिका आणि तारा यांत फरक दाखवणारी किनार तेवढीच असते. नोव्हेंबरच्या मध्यावर तो रात्री साडेआठच्या सुमाराला माथ्यावर येतो आणि साडेअकरापर्यंत कामाच्या उंचीवर राहतो. एका रात्रीत साडेतीन-चार तास मिळतात, तेव्हा लागोपाठच्या दोन रात्री धराव्यात. साडेअकरानंतर दुर्बीण उत्तरेकडे वळवावी, ययाति तेव्हा माथ्याजवळ आलेला असतो.